गावखळ्यावरचा डाव

“ए वैजे, सरक तिथनं. पूजेचा पाट मांडायचाय.”

श्रीमंततात्यांचा गडी गणपा माझ्यासमोर येऊन उभा राहिला होता. एका हातात पाट, दुसऱ्या हातात नारळाची पिशवी आणि खांद्यावर हळदकुंकू लावलेली नवी कोरी कुदळ. मी मांडी घालून बसले होते नेमकी तीच जागा त्याला हवी होती.

“दुसरीकडं मांड,” मी म्हटलं.

“मधोमधच पाहिजे, तात्या म्हणल्यात.”

“मधोमध मी बसलीय.”

गणपानं इकडंतिकडं बघितलं. मी एकटी नव्हते. एका रेषेत आठ मुली बसलो होतो. माझं तोंड रस्त्याकडं, शेजारच्या शबानाचं शाळेकडं, पलीकडच्या कमलचं पुन्हा रस्त्याकडं, अशी सगळी रांग. आमच्या गावात शेंबड्या पोरालाही खो-खो कळायचा, त्यामुळं आम्ही काय करतोय हे त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

“डाव संपला की उठणार का?” त्यानं विचारलं. बिचारा मनानं सरळ होता.

“खो मिळाला की उठू.”

“मग द्या की कुणीतरी खो!”

“खो देणारी नववी चंदा. तिला काल संध्याकाळच्या एस.टी.नं मामाच्या गावाला धाडली. तुझ्या तात्यांनीच तिच्या बापाचे कान भरले. आता खो द्यायला कुणी न्हाई, म्हणून आम्हाला उठता येत न्हाई. जा, सांग जा.”

गणपा पाट घेऊन परत फिरला.

मी तेव्हा दहावीत होते आणि माझं तोंड गावात प्रसिद्ध होतं. ‘ज्ञानबा शिंप्याची पोर कात्री गिळून जन्मली’ असं बाया म्हणायच्या. मला त्याचा राग येत नसे. शिंप्याच्या घरात कात्री नाही तर काय विळा असणार?

आम्ही बसलो होतो ते गावखळं. ज्यांच्या रानात मळणीला जागा नव्हती, ते पूर्वी कणसं इथं आणून बैल फिरवायचे. जागा कुणा एकाची नव्हती, अख्ख्या गावाची होती. पुढं मळणीयंत्र आलं, बैल गेले, खळं ओस पडलं आणि तिथं बाभळी माजल्या. शाळेला मैदान नव्हतं. पी.टी.च्या वाघे सरांनी आम्हा मुलींना हाताशी धरून बाभळी तोडल्या, खडे वेचले, जमीन शेणानं सारवली, फक्की मारून चौकोन आखले आणि दोन टोकांना दोन खांब रोवले. बैलांच्या खुरांनी पिढ्यान्‌पिढ्या दाबलेली जमीन ती. पाऊस उघडला की तासाभरात खेळता यायचं.

त्या खळ्यावर खेळून आम्ही तालुका जिंकला आणि मग जिल्ह्याला गेलो. आमच्या गावातली मुलगी लग्नाशिवाय गावाची वेस ओलांडते हे तेव्हा पहिल्यांदा घडलं. गावानं आमच्या हाफ पँटींवरून नाकं मुरडली. त्या पँटी माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, शिवल्या होत्या. कुणी त्यांना बोल लावला की ते म्हणत, “गिऱ्हाईक सांगंल त्या मापाचं शिवायचं. मी काय कीर्तनकार हाय व्हय?”

मग रस्ता रुंद झाला आणि खळं एकदम रस्त्याच्या तोंडावर आलं. लगेच ते श्रीमंततात्यांच्या डोळ्यांत भरलं. तात्या गावचे सरपंच. नाव श्रीमंत आणि माणूसही श्रीमंत. बारशाला आईबापांचा अंदाज इतका बरोबर क्वचितच येतो. त्यांनी खळ्यावर दुकानांचे गाळे बांधायचं ठरवलं. जूनमध्ये वाघे सरांची बदली झाली. पावसाळा सरल्यावर ग्रामसभा झाली. ग्रामसभा म्हणजे चावडीपुढं बसलेले पुरुष आणि चहा. गाळ्यांना कोण कोण तयार, असं तात्यांनी विचारलं. ज्यांना ज्यांना गाळा कबूल केला होता त्यांचे हात वर गेले. त्यांत आबांचाही हात होता.

आबांचं दुकान म्हणजे खळ्यासमोरच्या किराणा दुकानाचा कट्टा. वर पत्रा, तोही अर्धाच. रोज संध्याकाळी मशीनचं मुंडकं सोडवायचं, खांद्यावर टाकून घरी आणायचं आणि सकाळी पुन्हा न्यायचं. एकदा अवकाळी पावसात एका लग्नाचा अख्खा बस्ता भिजला होता. कुणाचंही मन पाघळावं अशीच ती स्थिती होती. पण मला त्या वयात एवढंच दिसलं की, बापानं माझ्याविरुद्ध हात वर केला.

“आबा, तुम्ही हात वर केला?”

“केला.”

“मला न विचारता?”

“ग्रामसभेत पोरीला विचारून हात वर करायची रीत अजून न्हाई आली.”

“भाकरी खाऊन घ्या, मग भांडा,” आई चुलीजवळून म्हणाली.

“आम्ही कुठं खेळायचं?”

आबांनी गळ्यातला टेप काढून खुंटीला लावला. मग हळू आवाजात म्हणाले, “वैजू, मशीन उचलताना कंबरंत कळ निघती आता. तू आज ना उद्या नांदायला जाशील. मी किती दिवस उघड्यावर बसू? मला पाठीला भिंत पाहिजे.”

ते खरं बोलत होते, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. खोटं बोलले असते तर मी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते.

“उद्या आम्ही खळ्यावर बसणार हाय,” मी म्हटलं. “सगळं गाव उठवायला आलं तरी चालंल. तुम्ही येऊ नका.”

“बघू,” आबा म्हणाले आणि ताटावर बसले. मी उपाशीच झोपले.

तर अशा आम्ही बसलो होतो. गणपा गेल्यावर थोड्याच वेळात तात्या स्वतः आले. पांढरी पँट, पांढरा शर्ट, पायात चकचकीत बूट. त्यांच्या मागं अर्धा गाव होता. पंचायत समितीचे सभापती कुदळ मारायला यायचे होते, म्हणून मंडपवाल्यानं कर्णाही लावून ठेवला होता.

“पोरींनो, तात्यावर रुसलाव व्हय?” त्यांनी आवाजात साखर घोळली. “आरं, दुसरं मैदान देतो की तुम्हाला. वढ्याच्या पलीकडं.”

“पलीकडं मसणवाटा हाय, तात्या,” शबाना म्हणाली.

“त्याच्या अलीकडं.”

“अलीकडं वढाच हाय.”

मागं कुणीतरी खुदकन हसलं. तात्यांनी वळून बघितल्यावर तो आवाज विझला.

“हे बघा, सभापतीसाहेब निघाल्यात. गावाची अब्रू घालवू नका. उठा.”

आम्ही कुणी उठलो नाही. मी समोर बघत होते आणि समोर तात्यांचे बूट होते. खळ्यावर पायताण घालून कुणी येत नसे. आमची म्हातारी माणसं तर तिथून जाताना चप्पल हातात घेत. ज्या जागेवर गावाचं धान्य पडलं तिथं पायताण घालायचं नाही, एवढं आम्हाला शिकवलेलं होतं. पण सरपंचाला कोण सांगणार?

मग त्यांनी एकेकीच्या घरी माणसं धाडली.

आधी शबानाची आई आली. हात पिठानं भरलेले, पदर खोचलेला. “शबाना, ऊठ बेटा,” ती म्हणाली.

“अम्मी, खो न्हाई मिळाला.”

तिनं एकदा लेकीकडं आणि एकदा तात्यांकडं बघितलं. “न्हाई ऐकत, तात्या. ही घरी बी माझं ऐकत न्हाई,” असं म्हणून ती कडेच्या बाभळीच्या सावलीत जाऊन बसली. घरी मात्र गेली नाही.

कमलचा काका आला तो ओरडतच आला. आल्या आल्या त्यानं कमलच्या कानशिलात ठेवून दिली. इतक्या जोरात की शेवटच्या चौकोनातल्या मुलीनंही मान वळवली. कमलच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही. हात गुडघ्यांवर तसेच ठेवून ती रस्त्याकडं बघत बसून राहिली. काकाचा हात पुन्हा वर गेला तेव्हा शबानाची आई सावलीतून मोठ्यानं म्हणाली, “मार की! सगळं गाव बघायलंय, मार!” हात तिथंच थांबला.

तेव्हा माझ्या मनात भीती किती आणि संताप किती होता, हे मला आजही सांगता यायचं नाही. एवढं पक्कं होतं की आज उठलो तर पुन्हा कधी बसायला जागाच राहणार नाही. उद्या पाया खोदला जाईल, परवा शटरं बसतील. कमल, शबाना आणि मी डोक्यावर पाण्याची घागर घेऊन त्या शटरांपुढून जाऊ. गावाला आम्ही खेळत होतो हे आठवणारसुद्धा नाही.

रस्त्यापलीकडं आबांचं मशीन सकाळपासून चालू होतं. ते मला ऐकू येत होतं. मी ऐकायचं नाही असं ठरवूनही ऐकू येत होतं.

“ज्ञानबा!” तात्यांनी तिकडं तोंड करून हाक मारली. “ये इकडं. तुझी पोर ह्या सगळ्यांची म्होरकी हाय. ती उठली की बाकीच्या उठत्यात.”

मशीनचा आवाज थांबला.

आबा आले. गळ्यात टेप, सदऱ्याला टोचलेल्या टाचण्या, कानावर खडू. फक्कीच्या रेघेबाहेर त्यांनी चपला काढल्या आणि आत आले. माझ्याकडं बघितलं नाही. मीही बघितलं नाही.

“ज्ञानबा, पहिल्या गाळ्याची चावी तुझी, लक्षात हाय न्हवं?” तात्या म्हणाले.

“हाय की.”

“मग उठव पोरीला.”

“उठवतो,” आबा म्हणाले.

ते रांगेला वळसा घालून माझ्या मागं येऊन उभे राहिले. त्यांच्या कपड्यांना येणारा कोऱ्या कापडाच्या खळीचा वास मला आला. मी दात आवळून म्हटलं, “आबा, मला ओढून न्यावं लागंल. माझ्या पायानं मी उठणार न्हाई.”

माझ्या पाठीवर त्यांचा हात पडला, आणि त्याच क्षणी मोठा, स्वच्छ, अख्ख्या खळ्याला ऐकू जाईल असा आवाज आला.

“खो!”

मी उठले. उठायचं नव्हतं, पण उठले. पाठीवर हात आणि कानावर खो पडला की पाय विचार करत नाहीत. ती तीन वर्षांची सवय होती. मी ताडकन उभी राहिले आणि सगळं गाव हसलं.

“वा रे पठ्ठ्या!” तात्यांनी टाळी वाजवली. “याला म्हणत्यात अक्कल! गणपा, आण तो पाट!”

सगळ्या गावासमोर, माझ्याच खेळानं, माझ्याच बापानं मला उठवलं होतं. त्या क्षणी मला आबांचा इतका तिरस्कार वाटला की तो शब्दांत सांगायची मला लाज वाटते. काहीतरी जहरी बोलायला मी गर्रकन वळले.

आबा उभे नव्हतेच. ते माझ्या चौकोनात बसले होते. धोतर वर खोचलेलं, चवड्यांवर उकिडवं, दोन्ही हात जमिनीला टेकलेले, तोंड रस्त्याकडं. वाघे सरांनी आम्हाला शिकवलं होतं अगदी तसे. कंबरेतली कळ चेहऱ्यावर दिसत होती, पण मान ताठ होती.

गणपा पाट घेऊन आला आणि आबांसमोर येऊन थबकला. “आता?” त्यानं विचारलं.

“ज्ञानबा, ह्ये काय?” तात्यांचा आवाज चढला.

“खो दिला की, तात्या. खो देणाऱ्यानं उठलेल्याच्या जागंवर बसायचं असतं. खेळाचा नियम हाय.” मग माझ्याकडं बघून आबा खेकसले, “आणि तू काय बघत उभी राहिलीस? खो मिळाल्यावर थांबायचं असतं व्हय? पळ!”

मी पळाले. लांब जायची गरजच नव्हती. तात्या चार पावलांवर बूट रोवून उभे होते. मी सूर मारल्यासारखी पुढं झाले आणि त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीला हात लावला. हाताला फक्की होती, बाहीवर पंजा उमटला.

“तात्या, बाद!”

“कोण बाद? काय बाद?”

“तुम्ही, तात्या,” आबा खालून शांतपणे म्हणाले. “ह्या मैदानात दोनच जातीची माणसं असत्यात. एक बसलेली, एक पळणारी. तुम्ही बसला न्हाईत.”

आधी गणपा हसला. पाट छातीशी धरून, तोंड लपवून हसला. मग बाभळीखालच्या बाया हसल्या, मग कट्ट्यावरचे म्हातारे. शाळेच्या भिंतीवर चढलेली पोरं “बाद! बाद!” म्हणून ओरडायला लागली. श्रीमंततात्यांना गाव भीत होतं, त्यांच्या पाया पडत होतं, पाठीमागं त्यांना शिव्याही देत होतं. पण त्यांच्या तोंडावर गाव कधी हसलं नव्हतं. त्या हसण्याचं काय करावं, त्यांना कळेना.

मी थांबले नाही. रस्त्याकडच्या बाजूनंच खांबाला वळसा घातला, पलीकडून आले आणि कमलच्या पाठीवर हात ठेवला. “खो!” कमल उठली. तिच्या गालावर बोटं उमटलेली होती. समोर तिचा काका उभा होता. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि सरळ त्याच्या अंगावर धावली. आणि काका पळाला! पुतणीला थोबाडीत देणारा तो धिप्पाड माणूस टोपी सावरत फक्कीच्या रेघेबाहेर पळाला.

“हद्दीबाहेर! त्यो बी बाद!” शबानाची आई ओरडली.

सभापतींची जीप तेवढ्यात आली. त्यांनी जीपमधूनच बघितलं. एक म्हातारा शिंपी उकिडवा बसलेला, पोरी पळताहेत, गाव टाळ्या पिटतंय आणि सरपंचाच्या बाहीवर पांढरा पंजा. “आधी गावातलं मिटवा, मग बोलवा,” एवढं बोलून त्यांनी जीप वळवायला सांगितली. कुदळ हळदकुंकवासकट गणपाच्या खांद्यावरच राहिली.

जाताना तात्या आबांपाशी थांबले. “ज्ञानबा, गाळा इसर.”

“कट्ट्यावरनं उठलो तवाच इसरलो,” आबा म्हणाले. मग माझ्याकडं हात केला. “वैजू, जरा धर. उठता येईना.”

संध्याकाळी मशीनचं मुंडकं मी माझ्या खांद्यावर घेतलं. आबा नको म्हणाले नाहीत. वाटेत मी विचारलं, “तुम्हाला एवढे नियम कसे ठाऊक? तुम्ही तर कधी मान वर करत न्हाई.”

“तुला काय ठाऊक? पाय मशीनवर असत्यात, हात कापडावर. डोळं रिकामंच असत्यात की. तीन वरसं बघायलोय.”

“मग ग्रामसभेत हात का वर केला?”

घराचं वळण आलं तेव्हा आबा म्हणाले, “तवा मला पाठीमागची भिंत दिसली, वैजू. सकाळी तुम्हाला बसलेलं बघितलं आन ध्यानात आलं, ती भिंत माझ्या डोळ्यांपुढं बी उठणार हाय. पाठ झाकायची म्हणून डोळं बुजवून घ्यायचं व्हय?”

कात्री गिळलेल्या माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. मी नुसती रडत रडत मशीन घेऊन चालत राहिले.

पुढच्या ग्रामसभेला बाया आल्या. शबानाच्या आईनं घरोघर जाऊन त्यांना उठवून आणलं. चावडीपुढं पुरुषांना बसायला जागा उरली नाही. गावखळं खेळाचं मैदान म्हणून राखायचा ठराव झाला आणि हात मोजायची गरज पडली नाही. आज मी तालुक्याच्या शाळेत पी.टी. शिकवते, आणि त्या खळ्यावर खेळलेल्या मुली कुठं कुठं पोचल्यात ते सांगत बसले तर तुम्हाला फुशारकी वाटेल.

तात्यांनी गाळे बांधलेच, स्टँडजवळ त्यांच्या स्वतःच्या जागेत. आबांना त्यांत गाळा मिळाला नाही. आबा कट्ट्यावरच राहिले, अर्ध्या पत्र्याखाली.

दोनेक वर्षांनी एकदा तात्या कट्ट्यापाशी आले. मी तेव्हा सुट्टीला आले होते आणि काजं करत बसले होते. समोर नव्या मुलींचा सराव चालला होता. तात्या आबांसमोर येऊन उभे राहिले आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, “ज्ञानबा, किती दिवस असा उघड्यावर बसणार? एक गाळा रिकामा झालाय. पोरीला म्हणावं, एकदा चारचौघांत माझी माफी माग. चावी आत्ता देतो.”

आबांनी मशीन थांबवलं नाही. मान थोडी डावीकडं केली, मग उजवीकडं. शेवटी कापडावरचा एक हात उचलून त्यांनी तात्यांना खूण केली.

“तात्या, जरा बाजूला सरा,” ते म्हणाले. “डाव दिसंना झालाय.”